कपाळाचा रंग

ताई गेल्यावर तिच्या सामानातून माझ्याकडे जे आलं, त्यात रंगाची एक नळी होती. टूथपेस्टच्या लहान नळीएवढी, तळाशी दोनदा दुमडून पक्कडीनं दाबलेली. विकतच्या नळीवर कंपनीचं आणि रंगाचं नाव छापलेलं असतं. हिच्यावर पांढरी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर ताईच्या अक्षरात एकच शब्द होता : कपाळ.

हा रंग दुकानात मिळत नाही. तो तिनं स्वतः घोटून रिकाम्या नळीत भरला होता. ते कपाळ कुणाचं, आणि ते रंगवायचं काम तिनं चित्रकलेत कायम काठावर पास होणाऱ्या धाकट्या भावावर का टाकलं, हे लिहायचं मी वर्षभर टाळत आलो. आता लिहितो. रोज अर्धं पान होतं, कधी तेवढंही होत नाही. पण घाई कसलीच नाही.

ताई कामशेतच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही. स्टेशनापासून दहा मिनिटांवर तिच्या दोन खोल्या होत्या. एकीत ती राहायची आणि दुसरीत चित्रं. मी लोणावळ्याला एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. रविवारी मी तिच्याकडे जायचो. ती काम करायची, मी वाचत बसायचो, मध्ये चहा व्हायचा. आम्हा दोघांनाही फार बोलायची सवय नव्हती.

ती स्वतःच्या मनानं चित्रं फारशी काढत नसे. तिला दुसऱ्यांच्या चित्रांवरून चित्रं करायला आवडायचं. कुणी विचारलं तर सरळ सांगायची, "मी नक्कलकार आहे." त्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. एकदा मीच विचारलं, तेव्हा म्हणाली, "तू पुस्तकांतला माणूस ना? पूर्वी पोथ्या उतरवून घेणारे लोक असायचे. त्यांनी मध्येच स्वतःच्या चार ओव्या घुसडल्या तर तुला चालेल का?"

मी म्हटलं, "नाही चालणार."

"मग झालं तर."

दहा-अकरा वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, वडिवळ्याच्या बाजूच्या एका गावातून टेम्पो आला. त्यातून एक म्हातारे आबा उतरले, एक मावशी उतरल्या आणि सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी दोन माणसांनी जपून उतरवलं.

आबा दारातूनच म्हणाले, "बाई, आमच्या डॉक्टरबाबाला बगा जरा. लय हाल झाल्यात त्याचं."

ताई घाबरून उठली. सतरंजीत कुणी आजारी माणूस आहे असं तिला वाटलं असावं. सतरंजी उलगडली तर आत एक तैलचित्र होतं.

खुर्चीत बसलेले एक गृहस्थ. गुडघ्यापर्यंतच दिसणारे. डोक्याला टक्कल, पांढऱ्या मिशा, गळ्यापर्यंत बंद असलेला काळा कोट, एक हात खुर्चीच्या दांडीवर. डोळे असे, की आपण खोलीत कुठेही उभे राहिलो तरी आपल्याकडेच बघत आहेत. कोटावर बुरशीचे पांढरे ठिपके पडले होते, खांद्याजवळ कॅनव्हास फाटला होता आणि खालचा डावा कोपरा वाळवीनं खाल्ला होता. चित्रकाराची सही नेमकी त्याच कोपऱ्यात होती. तिच्यातली शेवटची एक वेलांटीसारखी रेघ तेवढी उरली होती.

हे गृहस्थ म्हणजे लोणावळ्याला बंगला असलेले एक जुने डॉक्टर. दर गुरुवारी आगगाडीनं कामशेतला यायचे आणि तिथून बैलगाडीनं त्या गावात. गावात त्यांनी एका खोलीचा दवाखाना बांधला. ते वारल्यावर घरच्यांनी हे चित्र दवाखान्याला दिलं. पुढे दवाखाना बंद पडला, छप्पर बदलताना नावाची पाटीही गेली, आणि गावात त्यांचं एवढंच नाव राहिलं : डॉक्टरबाबा. भात झोडून झाला की पहिल्या गुरुवारी गाव त्या खोलीत जमायचं. नव्या तांदळाचा भात चित्रापुढे ठेवायचा, हार घालायचा, गंध लावायचं. देवधर्म न मानणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही हे ऐकून बरं वाटलं. डॉक्टरचे उपकार एवढी वर्षं कोण लक्षात ठेवतो!

"दुसरं काडून द्या," आबा म्हणाले. "पर आसंच. माणूस बदलाया नगं."

ताईला यापेक्षा आवडेल असं काही कुणी सांगूच शकलं नसतं.

काम पौषात सुरू झालं. मावळात तैलरंगाचं काम उन्हाळा संपायच्या आत उरकावं लागतं, नंतर रंग वाळतच नाही. ताईनं जुन्या चित्रावर दोऱ्यांच्या उभ्या-आडव्या चौकटी ताणल्या, नव्या कॅनव्हासवर तशाच चौकटी आखल्या आणि एकेक घर उतरवत गेली. प्रत्येक मिश्रणाचा ठिपका ती एका वहीत लावून ठेवायची; शेजारी कोणता रंग किती, ते लिहायची. जुन्या चित्रावरची धूळ काढायला ती कापसाचा बोळा स्वतःच्या थुंकीनं ओला करायची. जुनं चित्र साफ करायला याहून सौम्य काही नाही, असं तिचं म्हणणं होतं. "हे गावात सांगू नकोस," असं तिनं मला बजावलं होतं.

मावशी दर आठवड्याला बाजाराच्या निमित्तानं यायच्या. दवाखान्याच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांच्या आधी ती त्यांच्या सासूकडे होती. ही सासू बाळंतपणात डॉक्टरांच्या हातून वाचलेली. मावशी आल्या की चित्रासमोर बसायच्या, आधी चित्राशी दोन शब्द बोलायच्या, मग ताईशी. एकदा त्यांनी पिशवीतून अष्टगंधाची डबी काढली. ताईनं त्यांचा हात धरला.

"मावशी, गंध नको आता. काम चाललंय ना."

"बाबा पाव्हणा आलाय तुमच्याकडं. पाव्हण्याला बिनगंधाचा बशिवता व्हय?"

"इथे तो पाहुणा नाही. पेशंट आहे."

"मग पेशंटचं बटन तरी नीट लावा की," मावशी चित्राकडे बोट करून म्हणाल्या. "त्ये बगा. चार काळी न् मदलं येक तपकिरी. लोकं हसत्यात."

खरंच, कोटाच्या पाच बटणांपैकी मधलं बटण तपकिरी होतं आणि जरा लहान होतं. ताईनं मान डोलावली. "ते मूळ चित्रात तसंच आहे, मावशी."

"आसंल. पर तुमी कोट नवा शिवताय न्हवं? मग बटन जुनं कशापाई?"

ताई खूप हसली. त्या दिवशी मी तिला हसताना बघून पुस्तक मिटलं होतं, हे मला आठवतं. पण बटण तिनं तपकिरीच काढलं.

आणि मग कपाळ आलं. अनेक वर्षांच्या गंधाचा तिथे थर बसला होता. बोळ्यानं तो हळूहळू निघाला, पण त्याच्याखाली दोन भुवयांच्या मध्ये एक तांबूस गोल राहिलाच. तो पुसला जात नव्हता. रंगाला पडलेल्या बारीक भेगा त्या गोलातूनही तशाच गेल्या होत्या. ताईनं भिंग लावून दोन दिवस तो गोल पाहिला. मग मला बोलावलं.

"हे वरून लागलेलं मुरलंय, की चित्रकारानंच काढलंय?"

मी भिंगातून पाहिलं. मला काहीही कळलं नाही. पण विचारलं आहे तर उत्तर द्यायला हवं म्हणून मी बोलून गेलो, "माणूस गंध लावणारा दिसतो."

या उत्तराला कसलाही आधार नव्हता. संदर्भ तपासल्याशिवाय वाचकाला कधी पुस्तकाचं पानही न सांगणारा मी, तिथे मात्र असं बोललो. ताई म्हणाली, "मग जे दिसतं ते काढते." त्या एका गोलावर तिनं तीन दिवस घालवले.

उन्हाळा संपायच्या आत नवं चित्र गावात गेलं. ताईनं एकच अट घातली : यापुढे गंध चित्राला नाही, चौकटीच्या लाकडाला लावायचं. मावशींनी चित्रासमोरच शब्द दिला. जुनं चित्रही त्याच टेम्पोतून परत गेलं. पंधरा दिवसांनी ताई आणि मी नवं चित्र भिंतीवर कसं दिसतंय ते बघायला गेलो. चहा झाल्यावर ताई म्हणाली, "आबा, ते जुनं मला द्या. नीट गुंडाळून, कापूर घालून ठेवते. कधी ताडून पाहायला लागलं तर असावं."

आबा म्हणाले, "जुनं? त्ये सोडलं की."

"सोडलं म्हणजे?"

"धरणात. वाजतगाजत नेलं. सगळं गाव हुतं."

ताईच्या हातात बशी होती. तिनं ती खाली ठेवली.

आबांना वाटलं, तिला बोलावलं नाही म्हणून राग आला. ते समजावू लागले, "फाटल्याला देव घरात ठिवत न्हाईत, बाई. त्याला पानीच दाकवायचं. आन दोन-दोन डॉक्टरबाबा ठिवायचं कुटं? लोकं इचारतील, ह्यातला खरा कंचा?"

त्यांचं काय चुकलं? भंगलेल्या मूर्तीशी जसं वागायचं असतं तसं ते वागले होते, आणि मानानं वागले होते. परतीच्या वाटेवर रिक्षात ताई बराच वेळ बाहेरची रिकामी खाचरं बघत होती. मग म्हणाली, "आता माझी नक्कल ही नक्कल राहिली नाही. तीच मूळ झाली." तिला याचा आनंद झाला नव्हता. ती घाबरली होती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी वाचनालयात कुणीतरी जुनी पुस्तकं आणून दिली. ती लावताना एका धर्मादाय संस्थेची पिवळी पडलेली स्मरणिका हाती आली. आत पानभर तेच चित्र छापलेलं होतं, काळ्यापांढऱ्यात. खाली डॉक्टरांचं नाव होतं आणि चार ओळींची माहिती. डॉक्टर पारशी होते. चित्रातलं कपाळ कोरं होतं. सहीचा कोपरा छपाईत काळवंडलेला होता, त्यामुळे मूळ चित्रकार कोण हे तिथेही कळलं नाही.

मी ती स्मरणिका मोठ्या उत्साहानं ताईकडे नेली. आम्हा ग्रंथपालांना काही सापडलं की ते दाखवल्याशिवाय राहवत नाही. समोरच्याला ते हवं आहे का, हे आधी विचारावं एवढं मला सुचलं नाही.

ताईनं भिंग आणलं. बराच वेळ पाहिलं.

"मी एका पारशी माणसाला गंध लावून बसवलं," ती म्हणाली.

"तू नाही लावलंस. गावानं लावलं."

"गावानं लावलेलं वरून मुरलेलं होतं. मी ते चित्रातच काढलं."

आणि आता मूळ चित्र पाण्यात गेलेलं. पुढे कुणीही विचारलं, हे डॉक्टर कसे होते, तर ताईचं चित्र त्याला चुकीचं उत्तर देणार होतं. माझ्या दृष्टीनं तो एक ठिपका होता. तिच्या दृष्टीनं तिनं पोथीत स्वतःची ओवी घुसडली होती.

ती रंगाची पेटी घेऊन गावात गेली. मावशी चित्राच्या आडव्याच उभ्या राहिल्या.

"भरल्या कपाळाचं गंध पुसाया आलाय व्हय, बाई?"

"मावशी, ते पारशी होते. ते गंध लावत नसतील."

"आसतील पारशी. पर आमचं व्हते."

आबांनी मधला मार्ग काढला. "घरच्या मानसांनी सांगू द्या. त्येंचा मानूस हाय. त्येंनी सांगितलं तर आमी न्हाई म्हननार न्हाई."

ताईनं घरची माणसं शोधली नाहीत. अनोळखी लोकांच्या दारात जाऊन 'मी तुमच्या माणसाचं चित्र चुकवलं' असं सांगायचं तिच्यानं झालं नाही. मीही मदत करतो म्हटलं नाही. दोघांचाही स्वभाव भिडस्त. वर्षं गेली. दर कार्तिकात मावशी तिला नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी पाठवायच्या, ताई त्याचा भात रांधायची, मलाही वाढायची, आणि त्या दिवशी चित्राचा विषय कुणीच काढायचं नाही.

मग ती आजारी पडली. शेवटच्या महिन्यांत तिचं अंथरूण मी खिडकीपाशी घेतलं होतं. एक दिवस तिनं मिश्रणांची वही मागितली, काचेचा तुकडा मागितला, रंग मागितले. दोन दिवस थोडं थोडं करून कपाळाचा रंग घोटला, वहीतल्या ठिपक्याशी ताडला आणि मला नळीत भरायला लावला. चिकटपट्टीवर तिनं स्वतः लिहिलं.

"घरच्यांना शोध," ती म्हणाली. "आणि तू हे कर."

"मी? मला साधं वर्तुळ काढता येत नाही."

"म्हणूनच. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याला सांगितलं तर तो कपाळाबरोबर मिशाही सुधारेल. तू तेवढा गोल भरशील आणि हात मागे घेशील."

मी 'हो' म्हटलं. मार्गशीर्षात ती गेली.

नळी माझ्या टेबलाच्या खणात राहिली. मी खण उघडायचो, पेन काढायचो, खण लावायचो. असं जवळजवळ वर्ष गेलं. मग गेल्या कार्तिकात मावशींचा तांदूळ आला, ताई नसताना, माझ्या लोणावळ्याच्या पत्त्यावर. कुणाकडून तरी पत्ता मिळवून त्यांनी तो पाठवला होता. त्या पिशवीनं मला उठवलं.

घरची माणसं शोधायला मला दोन दिवस लागले. एवढ्यासाठी आम्ही एवढी वर्षं घाबरत होतो. डॉक्टरांचा बंगला अजून उभा होता. त्यांची नात सत्तरी उलटलेली होती आणि थंडीत इथे येऊन राहायची. तिनं स्वतः दार उघडलं.

"बसा. मी मराठी बोलते, पण चुका काढायच्या नाहीत," ती म्हणाली. तिचं मराठी माळ्याच्या मुलांबरोबर खेळून आलेलं, रोखठोक होतं.

मी सगळं सांगितलं : चित्र, धरण, गंध, ताई, नळी. स्मरणिका पुढे ठेवली. तिनं ती डोळ्यांजवळ धरली. आजोबांना ती बपावाजी म्हणायची. त्या चित्राचं पुढे काय झालं हे तिला माहीतच नव्हतं, आणि बपावाजींचा एकही चांगला फोटो घरात उरला नव्हता.

"तुम्ही गावाला एक शब्द सांगितलात," मी म्हटलं, "तर मी ते गंध काढू शकतो. माझ्या बहिणीची ती शेवटची इच्छा होती."

"आधी बघते. मग बोलते."

झोडणीनंतरच्या गुरुवारी आम्ही दोघं गेलो. दवाखान्याची खोली सारवलेली होती. भाताच्या वाफेचा वास दारापर्यंत येत होता. आबा आता काठी घेऊन चालतात. मावशी वाकल्या आहेत, पण किल्ली अजून त्यांच्याच कमरेला आहे. नातीला बघून त्यांनी पदर सावरला आणि खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. चित्रापाशी गेली.

माझा हात खिशात नळीवर होता. ती कपाळाकडे बघेल म्हणून मी वाट बघत होतो. ती कपाळाकडे बघतच नव्हती.

"अरे, हे बटण!" ती म्हणाली.

तिनं बोट चित्राला न लावता हवेत धरलं. "हे चित्र काढलं तेव्हा मी तिथेच होते. सतरंजीवर. मला आवाज करायचा नाही सांगितलेलं. आजीनं घाईत तपकिरी बटण शिवलं, काळं सापडत नव्हतं. चित्र झाल्यावर आजी त्या चित्रकारावर एवढी ओरडली! तो म्हणाला, काळं करतो, पाच मिनिटांचं काम. बपावाजी म्हणाले, हात लावायचा नाही. ते तिनं शिवलंय." तिनं बोट खाली घेतलं. "माझ्या आजीचं एवढंच राहिलंय. हे बटण."

मावशी हळूच म्हणाल्या, "म्या बाईंना सांगितलं हुतं, येकसारकं करा म्हनून. त्येंनी ऐकलं न्हाई."

"बरं झालं नाही ऐकलं," नात म्हणाली. मग तिची नजर वर गेली आणि ती मोठ्यानं हसली. "आणि हे गोल कुणी लावलं?"

आबा चाचरले. "आमीच, बाईसायेब. तुमच्यात चालत नसंल तर..."

"आमच्यात पण लावतात. नवजोतला, म्हणजे आमची मुंज, आणि लग्नाला. पण पुरुषांना उभं, लांब. गोल बायकांना."

मावशींनी तोंडाला पदर लावला. "आगं बया! येवडी वर्सं डॉक्टरबाबाला बाईमानसाचं कुकू लावलं म्हनायचं!"

"आन त्यो बी गुमान बसला," मागून कुणीतरी म्हणालं, आणि खोली हसण्यानं भरून गेली. नात हसत होती, आबा काठीवर रेलून हसत होते. ताईला हे ऐकायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

हसणं ओसरल्यावर मी नळी बाहेर काढली. ताईचं म्हणणं सगळ्यांना पुन्हा सांगितलं. आबा म्हणाले, "आमचा शबुद हाय. बाईसायेब, तुमी सांगा." सगळे तिच्याकडे बघू लागले.

ती मला म्हणाली, "तुमच्या बहिणीनं मला बटण दिलं. मी त्यांच्या चित्राला बोट कसं लावू? तुम्ही ठरवा."

म्हणजे ते पुन्हा माझ्यावरच आलं.

मी चित्रासमोर उभा राहिलो. ज्या डोळ्यांनी ताईनं ते तपकिरी बटण पाहिलं होतं, त्याच डोळ्यांनी तो तांबूस गोलही पाहिला होता. चुकीचं वाटतं म्हणून काही सुधारायचं नाही, हा तिचा एकच नियम होता. त्या नियमानं एका ठिकाणी तिला फसवलं, आणि दुसऱ्या ठिकाणी एका आजीचं बटण साठ वर्षं ओलांडून नातीपर्यंत आणून पोचवलं. गोल पुसायला मी तिच्या चित्रावर हात फिरवणार होतो, आणि माझा हात तर 'माणूस गंध लावणारा दिसतो' म्हणणाऱ्याचा.

पण मी शब्द दिला होता. तिला काय हवं होतं? पुढे कुणी विचारलं तर चित्रानं खोटं सांगू नये, एवढंच. आणि छापलेल्या पुस्तकात चूक राहिली तर काय करायचं, हे माझ्या कामात मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आपण ओळ खरवडून काढत नाही. शुद्धिपत्र चिकटवतो.

मी आबांना चित्र खाली उतरवायला सांगितलं. माझ्या पिशवीतल्या वहीचा जाड कागद फाडला आणि तिथेच जमिनीवर बसून लिहिलं :

'हे चित्र एका जुन्या तैलचित्रावरून केले आहे. मूळ चित्रकाराचे नाव कळलेले नाही. कपाळावरचे गंध मूळ चित्रात नव्हते. ते गावाने लावलेले आहे. कोटाचे मधले बटण मूळ चित्रातही तपकिरीच होते. गंधाच्या जागी कपाळाचा रंग असा होता :'

त्यापुढे जागा सोडली. मावशींनी विचारलं, "काय लिवलं? वाचा की." मी मोठ्यानं वाचलं. मावशींनी 'गावाने लावलेले आहे' ही ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली.

"हां," त्या म्हणाल्या. "आसं लिवलं तर काय न्हाई. आमी लावलंय त्ये आमच्या नावावर राहूद्या."

खळ लावून कागद चित्राच्या मागे चौकटीला चिकटवला. मग नळीचं झाकण फिरवलं. ती सुकली असेल अशी भीती होती. सुकली नव्हती. बोटावर थोडा रंग घेतला, उन्हातल्या नव्या मडक्यासारखा, आणि सोडलेल्या जागेवर एक गोल भरला. वाकडा झाला. तेवढाच भरला आणि हात मागे घेतला.

तैलरंग वाळायला वेळ लागतो. ओल्या रंगाची पाठ भिंतीला लावून चालणार नव्हतं. म्हणून मावशींनी नातीसाठी मांडलेली खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली आणि चित्र तिच्यात बसवलं. त्यांच्या सांगण्यावरून नातीनं चौकटीच्या वरच्या लाकडावर अंगठ्यानं गंध लावलं : उभं, लांब. मावशींनी ते कसं लावतात ते नीट बघून घेतलं. मग सगळे जेवलो. डॉक्टर खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते.

"जेवताना बोललं की ते अस्संच बघायचे," नात म्हणाली आणि तिनं पुन्हा भात मागून घेतला.

त्या दिवशी माझ्याकडून कुणाकुणाचे आभार मानायचे राहिले, ते इथे लिहितो. नाव न कळलेल्या त्या चित्रकाराचे, ज्यानं पाच मिनिटांचं काम केलं नाही. आबांचे, जुनं चित्र त्यांनी पाण्यात सोडलं म्हणून ताईचं चित्र एवढं मोलाचं झालं, हे मला उशिरा समजलं. नातीचे. आणि ताईचे, की तिनं हे काम माझ्यासाठी मागे ठेवलं. ते नसतं तर मी अजून खण उघडून लावत बसलो असतो.

आठ-दहा दिवसांनी मावशींनी नातवाच्या मोबाइलवरून फोन केला.

"भाऊ, तुमचा रंग वाळला का बगाया बोट लावलं म्या. वाईच लागला बोटाला."

"हरकत नाही, मावशी. पुसून टाका. रॉकेलचा बोळा लावा, निघेल."

"पुसू कशी?" मावशी म्हणाल्या. "बाईंच्या हातचा रंग त्यो. म्या आपला कपाळाला लावला."